चाकं आधी, गाडी नंतर

गाडीवेड्या लोकांत साधारण क्रम ठरलेला असतो. आधी गाडी घ्यायची, मग पैसे जमतील तशी तिला मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची ओतीव चाकं, बघायची. माझ्याकडे चाकं आधी आली. चार मॅगव्हील, १५ इंची, ७ इंच रुंद, आठ जाड स्पोकची, स्पोक पार आत बसलेले आणि बाहेर खोल डिश. इचलकरंजीतल्या एका पोराने त्याच्या जुन्या होंडा सिटीसाठी आणली होती, पण ती मडगार्डला घासायची, स्टेअरिंग हातातून ओढून घ्यायची, म्हणून त्याने महिनाभरात काढून ठेवली आणि विकायला टाकली. मी बघायला गेलो आणि घेऊनच आलो. दारात लावायला एकही गाडी नव्हती जिला ती बसतील, आणि ते मला माहीत होतं.

घरी विचारलं सगळ्यांनी, आता ह्यांचं काय करणार. मी म्हटलं, ह्यांना शोभेल अशी गाडी शोधणार. आणि हे मी मनापासून म्हटलं होतं, कारण चाकाच्या आतल्या बाजूला जे आकडे ओतलेले असतात ते नीट वाचले तर ते चाक कुठल्या जातीच्या गाडीसाठी बनलंय हे बऱ्यापैकी कळतं. लोक वाचतच नाहीत. दुकानात फक्त 'बोल्ट जुळतात का' एवढं विचारतात, जुळले की लावतात, आणि मग वर्षभरात बेअरिंग गेली, टायर एकीकडून खाल्ला म्हणून बोंब मारतात.

माझ्या चाकांवरचे आकडे सांगतो. १५ बाय ७जे, म्हणजे व्यास १५ इंच आणि टायर जिथे बसतो त्या दोन कडांमधली रुंदी ७ इंच (बाहेरून कडेपासून कडेपर्यंत टेप लावला तर ८ इंचाच्या जवळ भरतं, त्यामुळे बरेच जण इथेच फसतात). पीसीडी ४ बाय १००, म्हणजे चार बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. मधलं भोक ७३.१, हे मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे रिंग घालून वेगवेगळ्या गाड्यांना बसवता येतं. आणि ईटी ०. ह्या शेवटच्या आकड्यातच सगळं आहे. ईटी म्हणजे ऑफसेट, चाकाची मधली रेषा आणि चाक हबला (गाडीकडची ती चकती जिला चाक बोल्टने लागतं) जिथे टेकतं तो भाग ह्यांच्यातलं अंतर. शून्य म्हणजे चाक बरोब्बर मध्यावर टेकतं, अर्धं हबच्या आत, अर्धं बाहेर. म्हणून तर डिश एवढी खोल दिसते.

आता सिटी, स्विफ्ट, जुनी लान्सर ह्या सगळ्या ४ बाय १०० वाल्या. बोल्ट टकाटक बसतात. पण ह्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या, आणि ह्यांचा मूळ ऑफसेट साधारण ४० ते ४५ असतो. तिथे ईटी ० लावलं की टायरचा मध्य चार-साडेचार सेंटिमीटर बाहेर सरकतो. दिसायला भारी दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण पुढचं चाक वळतं ते एका तिरप्या रेषेभोवती, ती रेषा खाली जमिनीला जिथे टेकते तिथून टायरचा मध्य जितका लांब तितका रस्त्यातला प्रत्येक खड्डा स्टेअरिंगमध्ये येतो. शिवाय तेच चाक गाडी ओढतंय, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की एकीकडे ओढ, सोडला की दुसरीकडे. इचलकरंजीच्या त्या पोराची सिटी नेमकं हेच करत होती. चाकं खराब नव्हती, गाडीही चांगली ठणठणीत होती, दोघांचं जमत नव्हतं इतकंच.

म्हणजे मला हवी होती मागच्या चाकांवर चालणारी, जुनी, कमी ऑफसेटची, हलकी गाडी. परदेशात असतो तर हा प्रश्न एका दुपारीत सुटला असता, पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ किंवा बीएमडब्ल्यूची ई३०, दोन्ही रिअर व्हील ड्राइव्ह आणि दोन्ही ४ बाय १००. आपल्याकडे त्या कुठून आणायच्या.

आपल्याकडची यादी छोटी निघाली. ओम्नी रिअर व्हील ड्राइव्ह आहे पण तिचा पीसीडी ४ बाय ११४.३, चौदा मिमीचा फरक, तिथे ॲडॉप्टर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये जाड चकती, लावावा लागतो आणि ॲडॉप्टर म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर अजून बाहेर. ईटी शून्यच्या चाकाला ॲडॉप्टर हा विचारच करायचा नाही. काँटेसा मला फार आवडते, पण तिचे भाव आता कुठल्या कुठे गेलेत आणि चांगल्या राहिलेल्या लोक विकत नाहीत. पद्मिनीवर मन बसत होतं काही दिवस. पण तिचं अंग गोलसर, सगळ्या रेषा मऊ, त्यावर एवढी रुंद डिश मला तरी उपरी वाटली, आणि मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी थांबल्यापासून जी काही चांगली पद्मिनी उरलीय ती आहे तशीच जपावी असं मला वाटतं. रुंद चाकांसाठी तिचे मडगार्ड बाहेर ओढायला माझा हात झाला नसता.

आणि मग आठवली ११८एनई.

नव्या पोरांना ही गाडी सांगावी लागते. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९८५ मध्ये काढली, चौकोनी, चार दारांची. बॉडी आणि खालचा सगळा सांगाडा फियाट १२४ च्या घराण्यातला, जी इटलीत १९६६ साली आली आणि १९६७ ची युरोपियन कार ऑफ द इयर झाली. स्पेनमध्ये सीॲटने तीच बनवली, रशियात तिच्यावरूनच लाडा झाली. आपल्याकडे येताना इंजिन घातलं निसानचं, ए१२, ११७१ सीसी, ५२ बीएचपी. आपल्याकडे तिचं कौतुक फार झालंच नाही, मारुती आली होती ना तेव्हा, लोकांना ॲव्हरेज हवं होतं आणि हलकं स्टेअरिंग हवं होतं. पण पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांनी स्वतंत्र धरलेलं), मागे कॉइल स्प्रिंगवर अख्खा ॲक्सल, इंजिन पुढे, जोर मागे. कागदावर बघा ही मांडणी. ज्याला गाडी चालवण्यात रस आहे त्याला ह्यातलं काय नको आहे?

आणि रुंद चाकं ह्या घराण्याला शोभतात का, ह्याचा पुरावा आधीच आहे. ऐंशीच्या दशकात लिथुआनियात विल्नियसला स्टॅसिस ब्रुंडझा नावाच्या रॅली ड्रायव्हरच्या वर्कशॉपमध्ये लाडा २१०५ वरून व्हीएफटीएस नावाची ग्रुप बी (तेव्हाचा मोकळ्या नियमांचा रॅली वर्ग) रॅली गाडी बनायची. तीच चौकोनी बॉडी, चारही मडगार्ड फुगवलेले, खाली रुंद चाकं. तिचे फोटो मी कितीतरी वेळा बघितलेत. चौकोनी गाडीला रुंद चाक दिलं की तिचे खांदे दिसायला लागतात. पद्मिनीत जे उपरं वाटत होतं ते इथे मुळातच असायला हवं होतं असं वाटतं.

अडचण एकच. फियाटचा पीसीडी ४ बाय ९८. माझी चाकं ४ बाय १००.

दोन मिमी. ऐकायला काहीच नाही, आणि म्हणूनच धोक्याचं, कारण चार बोल्ट जोर लावून फिरवले तर ते बसतातही. बसतात आणि वाकतात. एका बोल्टची सीट नीट टेकते, समोरच्याची कडेवर, टॉर्क लागलाय असं पान्याला वाटतं आणि पन्नास किलोमीटरवर बोल्ट सैल. मी हे असं लावून फिरणाऱ्या गाड्या बघितल्यात आणि प्रत्येक वेळी मालकाला थांबवून सांगितलंय. ह्यावर खरा उपाय आहे वॉबल बोल्ट. साध्या बोल्टची निमुळती सीट त्याच्या डोक्यालाच असते, वॉबल बोल्टमध्ये ती वेगळी कॉलर असते, बोल्टभोवती थोडी सरकणारी. वर्तुळात दोन मिमीचा फरक म्हणजे प्रत्येक बोल्टला एकच मिमी सरकायचंय, कॉलर तेवढं सांभाळून घेते आणि सीट पूर्ण टेकते. फियाटला १२ मिमी जाड आणि १.२५ पिचचे बोल्ट लागतात, मॅगव्हील जाड असल्यामुळे मूळ बोल्टपेक्षा लांब घ्यावे लागतात, आणि आत किमान सात-आठ आटे जायलाच हवेत, मोजून. (भोकं बुजवून नवीन पाडून देतो म्हणणारेही भेटतात. चाकाच्या बाबतीत तरी नको.)

पण वॉबल बोल्ट लावले म्हणजे चाक मध्यावर धरण्याचं काम बोल्टकडून गेलं. ते आता हबच्या मधल्या गोल उंचवट्यानेच करायला हवं, आणि तो फियाटचा ५८.१, माझ्या चाकाचं भोक ७३.१. म्हणजे मध्ये रिंग हवी, साडेसात मिमी जाडीची, अगदी नेमकी. प्लास्टिकच्या मिळतात, मला नको होत्या, ब्रेकच्या उष्णतेजवळ प्लास्टिक मला पटत नाही. आणि मी राहतो कोल्हापुरात, जिथे उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ आहेत आणि शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्यांची रांग. इथे राहून रिंग बाहेरून मागवायची म्हणजे गावाचा अपमान आहे.

उद्यमनगरातल्या ज्या टर्नरदादांकडे मी गेलो त्यांनी आधी माझा कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "कागद ऱ्हाऊ दे, चाक आणि हब दोन्ही आणा हितं." हब काढून नेला. त्यांनी पहिलं काम काय केलं तर पॉलिश पेपरने तो उंचवटा घासून गंज काढला, मग व्हर्नियर लावला, चार ठिकाणी फिरवून. मग चाकाचं भोक, तेही चार ठिकाणी. ॲल्युमिनियमचा गोल तुकडा चकमध्ये धरला आणि आधी आतलं माप काढलं, शेवटचे दोन कट इतके बारीक की चकाकीशिवाय फरक कळत नव्हता. एका बाजूला बारीकसा उतार दिला, हबच्या मुळाशी जो गोलवा असतो त्यावर रिंग चढून चाक वर उचललं जाऊ नये म्हणून, हे मी सांगितलं नव्हतं. शेवटी हबवर ठेवून बोटाने दाबली, ती सरकत गेली आणि टेकली, हलवून बघितली तर हलेना. "हातानं बसली पायजे आणि हातानंच निघाली पायजे," म्हणाले, "हातोडी लागली तर माझ्याकडं परत या." चार रिंग झाल्या, प्रत्येकीवर पंचने एक-दोन-तीन-चार ठिपके, कारण चार हबची मापं केसभर का होईना वेगळी असणार, त्यांनी चारही मागवून घेतले होते.

गाडी त्याआधीच गडहिंग्लजच्या एका निवृत्त मास्तरांकडे मिळाली होती. एकाच मालकाची, पांढरी, तळाचा पत्रा बऱ्यापैकी शाबूत. मास्तरांना मी सरळ सांगितलं की मी हिला अशी-अशी करणार आहे, सर, तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा. त्यांनी फोटो बघितला लाडाचा, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले इंजिन तेच ठेवणार का. हो म्हटलं. मग न्या म्हणाले. इंजिन तेच ठेवायचं हे माझं तसंही ठरलेलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्याला छेद जाईल असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलंय. पण कायदा सोडला तरी तो ए१२ साधा आणि चिवट आहे, तो काढून दुसरं काहीतरी घालायचं कारण मला दिसत नाही. नोंदणी मूळ पोलादी चाकांवरच नवी करून घेतली, पंधरा वर्षांवरच्या कारला २०२२ च्या एप्रिलपासून ५००० रुपये फी होती तेव्हा, वर पर्यावरण कर. व्हिंटेजच्या वेगळ्या नियमात बसायला पन्नास वर्षं लागतात, हिला अजून वेळ आहे.

आता मापांकडे. मूळ चाक १३ बाय ५, ऑफसेट मी मोजला तर २९ भरला. त्यावर १५५ चा, म्हणजे १५५ मिमी रुंद, टायर. माझं चाक ७ इंची, ईटी ०, वर १९५ चा टायर धरला. टायरच्या पोटाचा हिशेब केला तर आतल्या बाजूला उलट ९ मिमी जागा वाढते, म्हणजे स्प्रिंग, ब्रेक पाइप ह्यांच्याशी भांडण नाहीच. बाहेर मात्र ४९ मिमी जास्त. मी मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला आणि मूळ टायर किती आत आहे ते बघितलं, वीस मिमीच्या आसपास भरलं. उरले तीस. म्हणजे मडगार्ड इंचाहून थोडा जास्त ओढायला लागणार. आणि चाक बॉडीच्या आतच राहिलं पाहिजे, ह्यात मी एक मिमीही सोडणार नाही. बाहेर आलेल्या टायरने चिखल-खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडते, पोलिसांनी अडवलं तर बरोबरच अडवतात ते.

व्यासाचं मात्र असं जुळलं की मलाच आनंद झाला. १५५/८० आर १३ (मिमीत रुंदी, तिच्या टक्क्यांत भिंतीची उंची, मग इंचात रिम) चा व्यास ५७८ मिमी. १९५/५० आर १५ चा ५७६. दोन मिमीचा फरक! स्पीडोमीटर तोच, गिअरिंग तेच, गाडीची उंची तीच. आणि १९५/५० ला चालणारी रिम साडेपाच ते सात इंच, म्हणजे टायर ताणून बसवायचाही प्रश्न नाही. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची जी फॅशन आहे ती मला अजिबात पटत नाही, टायरची भिंत तिरपी होते, खड्ड्यात रिमची कड थेट आपटते, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा तर येणारच आहे.

लोक विचारतात ५२ बीएचपीला एवढा टायर कशाला. रास्त प्रश्न आहे. सरळ रेषेत काहीच फायदा नाही, उलट चाक जड झाल्याने पिकअप किंचित कमीच होणार. आणि बरेच जण समजतात की टायर रुंद म्हणजे जमिनीला जास्त टेकतो, तसंही नाही. गाडी ९०० किलोची धरली तर एका चाकावर सव्वादोनशे किलो, हवा २८ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास दोन किलो, भागाकार केला की एका टायरची जमीन शंभर-सव्वाशे चौरस सेंटिमीटरच येते, टायर १५५ असो की १९५. बदलतो तो आकार. अरुंद टायरची ती जागा लांबट असते, रुंदाची आडवी. वळणावर आडवी जागा कमी मुरडते, स्टेअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते, मध्ये तो जो क्षणभराचा उशीर जुन्या गाड्यांत असतो तो जातो. त्यात हिच्या मागच्या अख्ख्या ॲक्सलचा एक गुण आहे, गाडी कितीही कलली तरी मागची दोन्ही चाकं जमिनीला सपाट उभी राहतात, रुंद टायरला नेमकं तेच हवं असतं. गगनबावड्याच्या रस्त्याला वळणामागून वळणं येतात तिथे हे कळतं. पावसाळ्यात उलटं आहे हेही सांगतो, आडवी जागा पाणी तितक्या लवकर बाजूला सारत नाही, आणि गगनबावड्याचा पाऊस काय असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर हिला मूळ १३ इंची चाकंच लागणार.

डेंटिंगचं काम आता चालू आहे. डेंटिंगवाले मामा जुने आहेत, ह्या पत्र्यावर हात बसलेला. मागचा मडगार्ड दोन पत्र्यांचा असतो, बाहेरचा आणि आतला, कडेला एकत्र दुमडून वेल्ड केलेले. बाहेरचा ओढताना ती जोड उघडली तर पाणी आत जाणार आणि दोन पावसाळ्यांत सगळं खाऊन टाकणार. मामांनी त्यामुळे आधी आतल्या पत्र्याला चिरा दिल्या, पाकळ्यांसारख्या, मग बाहेरचा गरम करत-करत थोडा-थोडा ओढला, मग एकेक पाकळी नव्या जागी वेल्ड केली आणि वरून सीलंट. "येका दमात वडला तर फाटंल पत्रा," म्हणाले, "जुना हाय, त्याच्या कलानं घ्यायला लागतंय." मी रोज संध्याकाळी जाऊन बघतो.

एक गोष्ट मात्र मापात आली नव्हती, जॅकवर आली. मागच्या ॲक्सलला आडवा एक दांडा असतो, पॅनहार्ड रॉड, एक टोक बॉडीला, एक ॲक्सलला, ॲक्सलने बाजूला सरकू नये म्हणून. पण दांडा एका टोकाभोवती फिरतो, म्हणजे ॲक्सल वर येताना थोडासा एका बाजूला सरकतोच. आम्ही स्प्रिंग काढून, नुसतं चाक बसवून ॲक्सल खालून जॅकने पूर्ण वर घेतला तेव्हा एका बाजूला कडेपासून बोटभर जागा आणि दुसरीकडे जेमतेम कागद जाईल एवढी. हे टायरशिवाय, नुसत्या रिमवर. मामा म्हणाले दोन्ही बाजू सारख्या ओढल्या तर दिसायला सारखं, पण घासणार एकच बाजू. आता ठरलंय की आधी पॅनहार्डची लांबी मूळ मापाला आहे का बघायची, चाळीस वर्षांकडे चाललेल्या गाडीत सांध्यातले रबरी बुश दबून गेलेले असतात, ते नवीन टाकायचे, आणि त्यानंतरही फरक राहिला तर जिकडे कमी आहे तिकडच्या हिशेबाने दोन्ही मडगार्ड ओढायचे.

टायर अजून यायचेत. १९५/५५ आर १५ कुठल्याही दुकानात आहे, १९५/५० शोधावा लागतो, पुण्याहून चार मागवलेत. दुकानदाराने ५५ च घ्या म्हणून बराच आग्रह केला, त्याने व्यास ५९५ च्या वर जातो आणि त्या वाढीतली निम्मी, म्हणजे दहा मिमी, मला त्याच कडेला द्यावी लागली असती जिथे आधीच कागदाएवढी जागा आहे. नाही म्हटलं. बुश पण त्याच पार्सलमध्ये येतायत, पुढच्या मडगार्डना तोपर्यंत हात लावायचा नाही असं मामांनी आणि मी ठरवलंय.